खरी रायडिंग पाचशे सीसीनंतर सुरू होत नाही

‘खरी रायडिंग पाचशे सीसीच्या पुढे सुरू होते’ हे तुमच्या मोटरसायकल रायडिंगवरील लेखातील विधान मला अजिबात पटले नाही. गेल्या पावसाळ्यात जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, खोपोली सोडून घाट चढताना माझ्या गाडीच्या क्लचची वायर तुटली, तेव्हा महागड्या बाइकवाल्यांचे दोन ताफे न थांबता शेजारून निघून गेले. थांबले ते माझ्याच मॉडेलच्या शंभर सीसीच्या गाडीवर दुधाचे कॅन लावून निघालेले एक काका. आपल्या चालू वायरीलगत चिकटपट्टीने बांधून ठेवलेली जादा वायर त्यांनी सोडवली, भर पावसात पकडीने ती बसवून दिली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

चांगले जॅकेट, हेल्मेट यांवर खर्च जरूर करावा. माझा आक्षेप पैशाला नाही, त्यावरून माणसाची रायडर म्हणून पत ठरवण्याला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, 2009 चा वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि 2024 चा अटल सेतू या तिन्ही ठिकाणी दुचाकींना बंदी आहे, मग ती वीस लाखांची असो वा त्या काकांची. दुचाकीस्वारांच्या या समान प्रश्नावर लेखात एक ओळही नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटले.