हॅरोचे तवे

ठाण्यात राहणाऱ्याने ‘ते इथे मिळत नाही’ म्हटलेलं गावाकडच्यांना अजिबात खपत नाही. मॉल आहेत, घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब आहेत, मग ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायच्या हॅरोचे तवे, म्हणजे त्याच्या धारदार गोल चकत्या, का नाहीत, असा मुरबाडच्या आमच्या दादाचा सवाल. भात निघालं होतं, वाल-हरभऱ्यासाठी रान तयार करायचं होतं आणि तवे झिजून जमिनीला नुसत्या गुदगुल्या करत होते.

“वागळे इस्टेटला बघ. लोखंडाचं सगळं मिळतं,” दादा म्हणाला. मिळतंच. पण तिथे शेतीचं नाव काढलं की लोक आपल्याकडे काळजीने बघतात. एकाने मला कुंडीतली माती उकरायचं खुरपं दाखवलं.

शेवटी कल्याणला एक दुकान सापडलं. मालकाने वर न बघता विचारलं, “व्यास? जाडी? भोक चौकोनी की गोल? चौकोनी, तर किती मिलिमीटर? साधा की खाचांचा?” मी दादाला फोन लावला.

“आपला नेहमीचाच,” दादा म्हणाला.

मग व्हॉट्सॲपवर फोटो आला. वाळल्या चिखलाने माखलेला तवा, त्यावर आडवी टेप, नेमका आकड्यावर वहिनीचा अंगठा आणि भोकाच्या जागी कोंबडी. दुसऱ्या फोटोत कोंबडी हलली, अंगठा सरकला, आकडा दिसला: १७ इंच.

मालक हसला. “साहेब, हे झिजलेलं माप झालं. मूळचा २० इंची असणार. १७ चं माप आमच्याकडे येतच नाही.”

“मग जास्त झिजलेत त्यांच्या जागी तीनच नवे दे,” स्पीकरवरून दादा.

“शेठ, गँगचे सगळे तवे एकाच चौकोनी दांड्यावर ओवलेले असतात. तीन २० चे आणि बाकी १७ चे बसवलेत तर मोठे जमिनीत घुसणार आणि धाकटे वरच्यावर हवा खाणार. सगळा भार त्या तिघांवर. बदलायचे तर सगळेच बदला. पुढच्या गँगला खाचांचे घ्या, भाताची धसकटं कापतात. मागे साधे चालतील.”

दादा गप्प झाला. आमच्या घराण्यात हे आजवर कुणाला जमलेलं नाही.

मालकाने मग पान्याने एक तवा वाजवला. “हा हाय कार्बन.” दुसरा वाजवला. “हा बोरॉन स्टील. दगडावर आपटला तरी सहजासहजी तडकत नाही. आवाज ऐका.” मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. पण फोनवरून दादा ‘वा!’ म्हणाला, म्हणून मीही मान डोलावली.

२० इंची, ४ मिलिमीटर जाडीचा एक तवा सहा किलोंच्या वर भरतो. आमचे चौदा, म्हणजे नव्वद किलोंच्या घरात. ते टेम्पोत चढवताना मालकाने विचारलं, “माल मुरबाडला जाणार? मग तुम्ही ठाण्याहून कशाला आलात? तिकडचे लोक रोज येतात इथे.”

दादाला विचारलं. “मला माहीत होतं की ते दुकान,” तो म्हणाला. “पण म्हटलं, तुझा शेतीशी संबंध राहू दे.”

तो चांगलाच राहिलाय. गावचा भंगारवाला भाव देत नाही म्हणून झिजलेले चौदा तवे दादाने परतीच्या टेम्पोने ठाण्याला पाठवले. वॉचमनने रजिस्टरमध्ये ‘भांडी’ अशी नोंद केली आहे, आणि माझ्या पार्किंगमध्ये हॉटेलचं सामान ठेवायला परवानगी कुणी दिली, अशी सेक्रेटरींची लेखी विचारणा आली आहे.