कुलधराची विद्या गुप्त नव्हती

जैसलमेरजवळच्या कुलधरा गावाची गोष्ट पुन्हा सगळीकडे फिरते आहे. दिवाण सालिमसिंगची नजर गावच्या मुलीवर पडली, म्हणून 1825 साली पालीवाल ब्राह्मणांची 84 गावं एका रात्रीत उठली. जाताना शाप देऊन गेली आणि वाळवंटात गहू पिकवायची गुप्त विद्याही घेऊन गेली, म्हणे.

आधी साल बघा. सालिमसिंग 1824 मध्येच मेला होता. शिवाय 1890 मध्ये कुलधरात 37 माणसं राहत असल्याची नोंद आहे. रातोरात ओस पडलेल्या, शापित गावात 65 वर्षांनी ही माणसं कुठून आली?

दिवाणाचा जुलूम मात्र खराच. त्या काळचा ब्रिटिश अधिकारी कर्नल टॉड यानेही त्याच्या पिळवणुकीबद्दल लिहून ठेवलं आहे. पण त्या जाचाला जोड मिळाली ती पाण्याची. 1815 च्या सुमारास गावातल्या बहुतेक विहिरी आटल्या होत्या. करही भरायचा आणि पाणीही नाही, अशा गावातून माणसं हळूहळूच निघून जातात.

मला सगळ्यात खटकतं ते 'गुप्त विद्या' हे प्रकरण. त्या विद्येला खडीन म्हणतात आणि ती उघड्या रानात मांडलेली आहे. इथे वर्षाला जेमतेम 15-20 सेंटिमीटर पाऊस. पण आजूबाजूचं खडकाळ माळरान पाणी मुरू देत नाही, पडेल ते उताराने खाली वाहतं. पालीवालांनी नेमक्या त्या खोलगट जागी मातीचे लांबच लांब बांध घातले आणि जास्तीच्या पाण्याला सांडवा ठेवला. पाण्याबरोबर गाळ येऊन बसतो आणि रान दरवर्षी कसदार होतं. साठलेलं पाणी जमिनीत जिरलं, वाफसा आला, की गहू-हरभरा पेरायचा. पुढे पाण्याची पाळी द्यावी लागत नाही, मुरलेल्या ओलीवरच पीक हाताशी येतं. पंधराव्या शतकापासून चालत आलेली ही मेहनत, अन् आपण तिला मंत्रतंत्र म्हणायचं?

आणि ती त्यांच्याबरोबर गेलीही नाही. जैसलमेर जिल्ह्यात खडिनी आजही कसल्या जातात. पाऊस बरा झाला की बांधाच्या आत पाणी तुंबतं. ते ओसरलं की शेतकरी त्याच चिकट, काळपट गाळात रब्बीची पेरणी करतात.