अणूचं चित्र बदललं म्हणून रेडिएशन खोटं ठरत नाही

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अणूचं चित्र मांडणाऱ्या डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर, श्रोडिंगर या शास्त्रज्ञांपैकी प्रत्येकानं आधीच्याला खोटं पाडलं. खोटं ठरलेलं बोरचं मॉडेल तरीही मुलांच्या माथी मारतात. अणू कोणी पाहिलेलाच नाही. खरं ज्ञान कणादांचं, ते डाल्टननं उचललं. आणि शेवटी, ज्यांना अणू कसा आहे हेच ठरवता येत नाही त्यांच्या रेडिएशनवर, म्हणजे कॅन्सरवरच्या किरणोपचारावर, जीव सोपवू नका.

माझ्या आत्याचं रेडिएशन सुरू आहे. तिनं हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "उरलेले सेशन घेऊ का नको गं?" म्हणून मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते.

राँटगेनला एक्स-रे १८९५ मध्ये सापडले आणि १८९६ मध्ये डॉक्टर त्यांनी हाडांचे फोटो काढू लागले होते. त्या वेळी इलेक्ट्रॉनसुद्धा माहीत नव्हता, तो १८९७ चा. बेकरेलला युरेनियममधून निघणारे किरण १८९६ मध्ये दिसले, आणि अणूला केंद्रक असतं हे कळलं १९११ मध्ये. किरण आधी सापडले, अणूचं चित्र त्यानंतर तयार झालं. मेसेज लिहिणाऱ्यानं हा क्रमच उलटा केला आहे. रेडिएशन देणाऱ्या कोबाल्ट मशीनचं बघा. कोबाल्ट-६० मधून १.१७ आणि १.३३ एमईव्ही (ऊर्जेचं माप) इतके जोरदार गॅमा किरण निघतात, आणि त्यातून निघणाऱ्या किरणांचं प्रमाण ५.२७ वर्षांत निम्मं होतं. ते जसजसं कमी होतं तसतसा रुग्णाला मशीनखाली ठेवण्याचा वेळ हिशेबानं वाढवतात. इलेक्ट्रॉनना वेग देऊन किरण तयार करणारं लिनॅक मशीन असेल तर त्यातून निघणारा डोस उपकरणानं मोजून तपासतात. हे सगळे मोजलेले आकडे आहेत. इलेक्ट्रॉन ठरलेल्या कक्षेत फिरतो की ढगासारखा पसरलेला असतो, यानं त्यांत काहीही फरक पडत नाही. रेडिएशनचा त्रास होतो, हे खरं आहे. कातडी भाजल्यासारखी होते, थकवा येतो. त्याबद्दल डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारावं, तो आपला हक्क आहे. पण आत्या, या मेसेजसाठी एकही सेशन चुकवू नकोस.

आता "प्रत्येकानं आधीच्याला खोटं पाडलं" हा मुद्दा. रदरफोर्ड हा थॉमसनचाच विद्यार्थी. थॉमसननं शोधलेला इलेक्ट्रॉन त्यानं टाकून दिला नाही, आजही कोणी टाकलेला नाही. बदललं ते एवढंच की धन प्रभार अणूभर पसरलेला आहे ही समजूत गेली, आणि ती कोणाच्या लहरीनं गेली नाही. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांना दिसलं की धातूच्या पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी (धन प्रभाराच्या जड कणांपैकी) काही थोडे चक्क मागे फिरतात. धन प्रभार अणूभर पसरलेला असता तर हे झालं नसतं. प्लॅटिनमवर हे प्रमाण साधारण ८००० मध्ये एक होतं. रदरफोर्डनं १९११ मध्ये त्यावरून केंद्रकाचा सिद्धान्त मांडला आणि कोणत्या कोनात किती कण वळतील याचं सूत्र दिलं. सूत्र देऊन काम संपलं नाही. त्या दोघांनी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून अल्फा कण आपटून पडद्यावर उठणाऱ्या ठिणग्या एकेक करून मोजल्या, ५ अंशांपासून १५० अंशांपर्यंत, एक लाखाहून जास्त. १९१३ चा त्यांचा निबंध हाच आहे, आणि सूत्र त्यात खरं उतरलं. विज्ञानाला अंदाजपंचे म्हणणाऱ्यानं आधी तो वाचावा.

रदरफोर्डच्या अणूत अडचण होती, हे मेसेजमध्ये बरोबर लिहिलं आहे. वळणावर धावणारा इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतो, ऊर्जा गमावतो, म्हणजे त्यानं क्षणात केंद्रकात कोसळायला हवं. हा नियम खरा आहे याचा पुरावा आपल्याच गावात आहे. आपण अजूनही ज्याला कॅट म्हणतो त्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ नावाचं यंत्र आहे. त्यात २.५ जीईव्ही (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन चुंबकांनी वळवतात, आणि वळताना ते जो प्रकाश आणि एक्स-रे टाकतात त्यांनीच पदार्थांतली अणूंची मांडणी तपासतात. मग अणूतला इलेक्ट्रॉन का कोसळत नाही? बोरनं १९१३ मध्ये सांगितलं की त्याला ठरावीक ऊर्जेच्याच पातळ्या मोकळ्या आहेत. त्या हिशेबातून हायड्रोजनच्या वर्णपटातल्या, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या, रेषा बरोबर निघाल्या, ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेषासुद्धा. हेलियमवर मात्र तो हिशेब अडला. १९२६ मध्ये श्रोडिंगरनं कक्षा काढून टाकल्या, पण त्याच्या समीकरणातूनही हायड्रोजनची सर्वांत खालची पातळी उणे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच आली, बोरची होती तीच. याला खोटं पाडणं म्हणत नाहीत.

बोरचं मॉडेल मुलांच्या माथी मारतात, या आरोपाचं उत्तर अकरावीच्या एनसीईआरटीच्या केमिस्ट्रीतच आहे. त्याच धड्यात बोरच्या मॉडेलच्या मर्यादा वेगळा मथळा देऊन लिहिल्या आहेत. मेसेज लिहिणाऱ्यानं धडा उघडलेला नाही.

अणू कोणी पाहिला नाही, हेही चूक. १९५५ मध्ये अमेरिकेत म्युलर आणि त्याचा भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांनी टंगस्टनच्या टोकावरचे अणू पडद्यावर पाहिले. १९८९ मध्ये तर ३५ झेनॉन अणू एकेक सरकवून आयबीएम कंपनीचं नाव लिहिलं गेलं.

राहिले कणाद. त्यांच्या वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी परमाणूचा विचार फार पूर्वी केला, दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक अशी मांडणी केली, हे मान्य, आणि मुलांना ते सांगायलाच हवं. पण ते परमाणू पृथ्वी, आप, तेज, वायू यांचे होते, आणि त्यांना वजन लावून पाहिलेलं नव्हतं. डाल्टनचा सगळा भर वजनांवर. तेवढ्याच कार्बनला एका वायूत जितका ऑक्सिजन लागतो त्याच्या बरोबर दुप्पट दुसऱ्यात लागतो, अशा प्रमाणांवर त्याचा १८०८ चा ग्रंथ उभा आहे. त्यानं कणादांकडून घेतलं याचा एकही पुरावा मेसेजमध्ये नाही. अणूच्या इतिहासात भारतीय नाव हवं असेल तर मेघनाद साहांचं घ्या. बोरच्या अणूचा आधार घेऊन त्यांनी १९२०-२१ मध्ये दाखवलं की ताऱ्यांच्या वर्णपटातल्या रेषांवरून तिथलं तापमान कसं ओळखायचं. ते समीकरण जगभर त्यांच्याच नावानं शिकवतात, आणि इतक्या लांब मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.