गुपित दराचं ठेवा, नियमांचं कशाला?

परदेशांशी व्यापार करार होतात तेव्हा बंद दाराआड दरांबरोबर आपले नियमही ठरतात, त्याची ही गोष्ट. अँटॉप हिलच्या पोस्टाजवळ बौद्धिक संपदा भवन आहे. मुंबईचं पेटंट ऑफिस. रस्त्यावरून जाताना कुणी मान वर करून बघतही नाही. पण ९ मार्च २०१२ ला मुंबईच्या पेटंट ऑफिसातून निघालेल्या एका आदेशाने जगभरच्या औषध कंपन्यांची झोप उडवली होती. तेव्हाचे पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी बायर या जर्मन कंपनीच्या 'नेक्झावार' या यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरच्या गोळीसाठी नॅटको या हैदराबादच्या कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट असलेल्या कंपनीची मर्जी नसतानाही ते औषध बनवायची परवानगी. महिन्याच्या १२० गोळ्यांचा भाव २,८०,४२८ रुपये होता. परवान्यात घातलेली मर्यादा ८,८८० रुपये. बायरला निव्वळ विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी, जी पुढे अपिलात ७ टक्के झाली. मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्ये आदेश कायम ठेवला आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानेही हात घालायला नकार दिला.

आता मुद्द्याचं. हे औषध गरजूंपैकी जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास लोकांपर्यंत पोचतंय, हे ठरवायला पुरावा कुठला होता? त्यात एक होता कंपनीने स्वतःच भरलेला फॉर्म २७. पेटंट घेणाऱ्याने ते भारतात वापरलं का, इथे बनवलं की आयात केलं, किती आणि किती रुपयांचं, हे दरवर्षी सरकारला कळवायचं, असा तो साधा फॉर्म. पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली सक्तीचा परवाना मागायचा तर पेटंट मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात, आणि तीनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते: लोकांची गरज भागत नाही, किंमत परवडत नाही, किंवा पेटंट भारतात वापरलंच जात नाही. फॉर्म २७ मधले आकडे नसतील तर यातली पहिली आणि तिसरी गोष्ट दाखवायला अर्जदाराच्या हातात फार काही उरत नाही.

या फॉर्मची पुढे काय अवस्था झाली बघा. २०२० मध्ये नगांचा रकाना गेला, ढोबळ रकमेचा राहिला. १५ मार्च २०२४ च्या दुरुस्तीत रकमेचाही गेला, आणि 'दरवर्षी'चं 'तीन वर्षांतून एकदा' झालं. त्याच्या पाच दिवस आधी, १० मार्चला, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन या चार देशांशी, म्हणजे एफ्टा गटाशी, भारताचा व्यापार करार झाला होता. मग २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी करार झाला आणि त्याच्या बौद्धिक संपदेच्या प्रकरणात ही माहिती तीन वर्षांच्या आत पुन्हा मागायची नाही, हे लिहूनच टाकलं.

खरी मेख इथे आहे. नियम मंत्रालयाने केलेला असतो तोवर तो मंत्रालय बदलू शकतं. लोक ओरडले, संसदेत प्रश्न आला, सरकार बदललं, की अधिसूचना काढून पुन्हा 'दरवर्षी' करता येतं. तोच नियम करारात गेला की समोरच्या देशाला विचारल्याशिवाय हलवता येत नाही. त्याच करारात आणखी एक वाक्य आहे: औषधं लोकांपर्यंत पोचवण्याचा इष्ट मार्ग म्हणजे स्वेच्छेने दिलेले परवाने, अशा अर्थाचं. कलम ८४ त्याने रद्द होत नाही, ते जागच्या जागी आहे. पण उद्या एखादा नियंत्रक सक्तीचा परवाना द्यायला बसला, तर कंपनीचा वकील हे वाक्य त्याच्यापुढे ठेवणार, यात मला तरी शंका नाही.

आणि हे आपण वाचलं कधी? सही झाल्यावर. वरातीमागून घोडं.

वाटाघाटी गुप्त ठेवण्याचं समर्थन करणारे लोक मूर्ख नाहीत, त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. व्हिस्कीवरचा १५० टक्के आयातकर किती खाली आणायला आपण तयार आहोत, हे आधीच जाहीर केलं तर समोरचा तिथूनच बोली सुरू करेल. ब्रिटनच्या करारात तो आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचा ठरला; वाटाघाटी चालू असताना हा ४० चा आकडा बाहेर फुटला असता तर आपलंच नुकसान होतं. भाजीच्या गाड्यावर कुणी खिशातले पैसे आधी मोजून दाखवत नाही. दराचे आकडे गुप्त ठेवा, हरकत नाही.

पण पेटंटचा नियम म्हणजे दर नव्हे. परकी गुंतवणूकदाराने सरकारवर दावा कुठे आणि कसा लावायचा, सरकारी टेंडरमध्ये 'स्थानिक पुरवठादार' कुणाला म्हणायचं, हा कायद्याचा मजकूर आहे. हाच मजकूर विधेयक म्हणून आला असता तर आधी छापला गेला असता, त्यावर हरकती आल्या असत्या, कदाचित संसदीय समितीपुढे गेला असता. करार म्हणून आला की यातलं काहीच होत नाही. युरोपीय संघाने भारताबरोबरच्या वाटाघाटीतले आपले मजकुराचे प्रस्ताव स्वतःच्या संकेतस्थळावर टाकले. म्हणजे मुंबईत बसून ब्रसेल्स काय मागतंय ते वाचता येत होतं, दिल्ली काय म्हणते ते नाही!

युरोप फार स्वच्छ आहे असंही नाही. भारताबरोबरच्या वाटाघाटींची काही कागदपत्रं युरोपीय आयोगाने तिथल्या उद्योग संघटनांना पूर्ण दिली. तीच कॉर्पोरेट युरोप ऑब्झर्व्हेटरी या गटाने मागितली तेव्हा मजकूर झाकून दिली. गट कोर्टात गेला. २०१३ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टात हरला, २०१५ मध्ये वरच्या कोर्टातही हरला. गुप्तता कुणापासून असते ते यावरून समजून घ्या.

आपल्याकडे घटनेची रचनाच अशी आहे की करार करणं हे केंद्र सरकारचं काम, आणि अनुच्छेद २५३ खाली तो अंमलात आणायला संसद कुठल्याही विषयावर कायदा करू शकते, शेतीसारख्या राज्यसूचीतल्या विषयावरसुद्धा. करारावर संसदेत मतदान व्हायलाच हवं असा नियम नाही. ब्रिटनमध्ये निदान २१ बैठकांचे दिवस करार संसदेपुढे ठेवावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये तर इंडोनेशियाबरोबरच्या करारावर ७ मार्च २०२१ ला थेट सार्वमत झालं आणि ५१.६ टक्क्यांनी तो कसाबसा पास झाला. आपल्या कराराच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या देशातली ही गोष्ट.

गुंतवणूक करारांबद्दल व्हॉट्सॲपवर फिरतं की परदेशी लवाद आपला कायदा रद्द करतो. करत नाही. तो फक्त भरपाई ठरवतो, आणि तेवढंच पुरेसं असतं. व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियाची खाणकामातली कंपनी. कोल इंडियाविरुद्ध २००२ मध्ये लवाद जिंकली, मग तो निवाडा नऊ वर्षं आपल्या कोर्टांत अडकला. तिने भारत सरकारवरच दावा लावला. ऑस्ट्रेलियाच्या करारात 'हक्क बजावण्याचं परिणामकारक साधन' देण्याचं वचन नव्हतं, ते होतं कुवेतबरोबरच्या करारात. 'सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र' या कलमाचा (दुसऱ्या देशाला दिलेली सवलत आपल्यालाही मिळावी, असं सांगणाऱ्या) आधार घेऊन कंपनीने कुवेतचं वाक्य आपल्या करारात ओढून आणलं आणि २०११ मध्ये जिंकली. सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि वर व्याज. रक्कम किरकोळ आहे, पण ज्या वाक्यावर भारत हरला ते त्या करारात नव्हतंच, ही गंमत विसरू नका. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पातल्या भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपन्यांनीही मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्या पुढे करून भारत-मॉरिशस कराराचा आधार घेतला होता. २००५ मध्ये तडजोड झाली.

मग केर्न ही ब्रिटिश तेल कंपनी. पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या तारखेपासून लावलेल्या, कराच्या वादात डिसेंबर २०२० मध्ये सुमारे १२० कोटी डॉलरचा निवाडा, आणि जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे वीस मालमत्तांवर टाच. पुढच्याच महिन्यात संसदेने तो पूर्वलक्षी कर मागे घेतला. तो कर वाईटच होता, माझंही तेच मत. पण तो कोणाच्या दबावाने गेला ते लक्षात ठेवा.

या फटक्यांनंतर सरकारने २०१६ चा नमुना करार (पुढच्या गुंतवणूक करारांसाठीचा साचा) केला, तो चांगला सावध होता. आधी पाच वर्षं भारतातल्या कोर्टांत लढा, मग लवाद. आणि ते 'सर्वाधिक पसंती'चं कलम काढून टाकलं. जुने बहुतेक करार रद्दही केले. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात पाचाची तीन वर्षं झाली, आणि शेअर-रोख्यांतली गुंतवणूकही संरक्षणात आली. हा करार ३१ ऑगस्टला लागू झाला. अर्थ मंत्रालयाचं तसं प्रसिद्धीपत्रक निघालं ७ ऑक्टोबरला. पाच का तीन, हा दराचा आकडा नव्हता. त्यावर आधी चर्चा झाली असती तर कुठलं गुपित फुटणार होतं?

टेंडरचं थोडक्यात: ब्रिटनच्या करारात केंद्राची टेंडरं आहेत, राज्य आणि महापालिका बाहेर आहेत. त्यामुळे 'बीएमसीची कामं लंडनला चालली' हा फॉरवर्ड पुढे ढकलू नका. केंद्राच्या टेंडरात मात्र ब्रिटनचा २० टक्के माल असलेला पुरवठादार दुसऱ्या वर्गातला 'स्थानिक' धरला जातो. बेलापूर-अंबरनाथच्या लघुउद्योगांनी हा भाग स्वतः वाचावा.

ज्यांना काही करायचंय त्यांच्यासाठी. माहिती अधिकारात 'वाटाघाटींचा मसुदा द्या' असं मागू नका. कलम ८(१)(a) (परदेशांशी संबंध) आणि (d) (व्यापारी गुपित) लावून नकार येतो, परदेशी सरकारने विश्वासाने दिलेली माहिती म्हणून (f) सुद्धा लागतं. 'असं का केलं?' हेही विचारू नका, अधिकारी मत द्यायला बांधील नाही. कागद मागा. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या कराराबाबत कोणकोणत्या उद्योग संघटनांशी आणि कंपन्यांशी बैठका झाल्या, त्यांच्या तारखा, उपस्थितांची यादी, इतिवृत्तं. बौद्धिक संपदेच्या प्रकरणावर आरोग्य मंत्रालयाचा अभिप्राय घेतला का, घेतला असल्यास त्याची प्रत. अर्जातच लिहा की काही भाग देता येत नसेल तर कलम १० प्रमाणे तेवढाच वगळून उरलेला द्यावा, आणि कलम ८(२) खालचं जनहिताचं कारण दोन ओळींत मांडा. व्यापार करारासाठी वाणिज्य विभाग, गुंतवणूक करारासाठी अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग; चुकीच्या दारात टाकलात तर अर्ज हस्तांतरात फिरत बसतो. ऑनलाइन अर्जाला ३,००० अक्षरांची मर्यादा आहे, फी १० रुपये. एका अर्जात एकच करार घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकारच समजून पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही काही हाती लागलं नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावर पेटंट क्रमांक टाकला की अर्जाची स्थिती आणि त्याखाली दाखल कागदपत्रांची यादी दिसते, त्यात फॉर्म २७ शोधा. घरात कुणाचं महागडं औषध चालू असेल तर त्याचेच काढा. २०२० च्या आधीचा आणि २०२४ च्या नंतरचा शेजारी-शेजारी ठेवून बघा, जुन्या फॉर्मात आकडे आहेत, नव्यात नुसती टिकमार्क.