निकामी भाग पुन्हा खोक्यात ठेवणे थांबवा

गेल्या आठवड्यात पहाटे साडेतीन वाजता नळाला पाणी आले. चार-पाच दिवसांआड पाणी मिळणाऱ्या सोलापूरकराला या वाक्यातील घाई वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आमचा हौद लहान आहे, त्यामुळे नळ चालू असतानाच हौदातील पाणी मोटर लावून वरच्या टाकीत चढवत राहावे लागते. नाही तर हौद भरून वाहतो आणि टाकी कोरडीच राहते. मी बटण दाबले आणि अर्ध्या अश्वशक्तीची ती मोटर न फिरता नुसती आवाज करत घुमत राहिली. मोटरीला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर गेल्याचा तो आवाज मला चांगला ओळखू येतो. तरीही मी घाबरलो नाही, कारण मागच्या खोलीतील फळीवर एक पुठ्ठ्याचे खोके आहे, त्यावर माझ्या थोरल्या बंधूंच्या अक्षरात 'मोटर कपॅसिटर' असे लिहिलेले आहे आणि त्यात चार नग आहेत, हे मला पाठ होते.

पहिला नग लावला, मोटर घुमली. दुसऱ्याचे बूड फुगलेले होते. तिसऱ्याची एक वायर मुळापासून तुटलेली होती. चौथा दिसायला कोरा करकरीत, पांढऱ्या नळकांड्यावर '१० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट' ही अक्षरे जशीच्या तशी. तो लावला आणि मोटर पुन्हा घुमली. बॅटरीच्या उजेडात, ओल्या फरशीवर उकिडवे बसून वायरी सोडण्यात आणि जोडण्यात पाऊण तास गेला. शेवटी शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या मोटरीचा कपॅसिटर काढून आणला, तोवर नळाची धार करंगळीएवढी झाली होती. त्या दिवशी आमच्या टाकीत जेमतेम वीतभर पाणी चढले.

सकाळी दादांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ते चारही गेलेलेच आहेत रे, मला माहीत होतं. टाकवले नाहीत म्हणून ठेवलेत."

या उत्तराने मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. जुने सामान साठवण्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. निकामी झालेली वस्तू चांगल्या वस्तूच्या खोक्यात, चांगल्या वस्तूच्या नावाखाली, कोणतीही खूण न करता परत ठेवणे, ही माझी तक्रार आहे. अशा खोक्यापेक्षा रिकामे खोके पुष्कळ बरे. खोके रिकामे असते, तर मी आदल्या दिवशीच दुकानातून नवा नग आणला असता. भरलेल्या खोक्याने मला निश्चिंत ठेवले आणि ऐन वेळी दगा दिला.

ही सवय एकट्या दादांची असती, तर मी घरातच भांडून गप्प बसलो असतो. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातील कोणत्याही यंत्रमागाच्या कारखान्यात जाऊन फळीवरची खोकी उघडून पाहावीत. बेअरिंग बदलताना कारागीर नवे बेअरिंग खोक्यातून काढतो, जुने उतरवतो, हात काळे झालेले असल्यामुळे जुने त्याच रिकाम्या खोक्यात टाकतो आणि खोके आपसूक फळीवर जाते. खोक्यावर ६२०४ छापलेले असते, आणि ६२०४ म्हणजे आतले भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४, हे माप जगात कोठेही तेच असते. म्हणजे आत बसलेले बेअरिंग मापाने अगदी बरोबर असते, शाफ्टवर चपखल बसते, आणि चालू केल्यावर तासाभरात किरकिरायला लागते. माप बरोबर असल्यामुळेच ते अधिक फसवते. असे एक बेअरिंग आमच्या मागाच्या मोटरीत दोनदा बसवले गेले आणि दोनदा काढले गेले. दुसऱ्यांदा काढल्यावरही ते त्याच खोक्यात परत गेले, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता मागच्या खोलीबद्दल सांगतो. ही दहा बाय बारा फुटांची खोली मुळात धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरण्यासाठी होती. आमच्याकडे आज टॉवेलचे सहा माग चालतात, आणि कांड्या भरण्याचे यंत्र आता व्हरांड्यात आहे, कारण त्याच्या हक्काच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तेथे मोडक्या धोट्यांचा ढीग आहे, ज्यांची लोखंडी टोके झिजून लाकूड वर आले आहे. जळालेल्या सात मोटरी आहेत, स्टार्टरचे नुसते डबे आहेत, दात तुटलेल्या फण्या आहेत, ताण्याचे सूत गुंडाळायचे वाकलेले बीम आहेत, आणि रेपसीड तेलाच्या पत्र्याच्या डब्यात चामड्याचे जुने पिकर, म्हणजे धोट्याला फटका देणारे तुकडे, तेलात बुडवून ठेवलेले आहेत. म्हशीच्या चामड्याचा पिकर तेलात मुरवल्याशिवाय टिकत नाही, हे खरे. पण आम्ही नायलॉनचे पिकर वापरायला लागून कितीतरी वर्षे झाली, आणि त्या डब्यातील तेल आता डांबरासारखे झाले आहे. दर पावसाळ्यात छत गळते, दर पावसाळ्यात ते सगळे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवले जाते, आणि या हलवाहलवीलाच आमच्याकडे 'आवरणे' म्हणतात.

"वर्षभर हात लागला नाही, तर सरळ भंगारात घाला," असे सांगणाऱ्यांचाही मला तितकाच राग आहे. पुण्याहून येणारे आमचे मेहुणे दर दिवाळीला हा सल्ला देतात. त्यांच्या फ्लॅटमधील मिक्सरला तो लागू पडत असेल. मागाला पडत नाही. हा सल्ला मी एकदा ऐकला आहे आणि त्याची किंमत मोजली आहे. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी साफसफाई करताना मी बिडाचा एक दातेरी गिअर भंगारवाल्याला वजनावर दिला. क्रँक शाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा खालच्या शाफ्टचा एक फेरा होतो. हे गणित ज्या जोडीमुळे जुळते, त्या जोडीतील तो मोठा गिअर होता. वजन सुमारे नऊ किलो भरले, बिडाच्या भावाने तीनशेच्या आत पैसे हातात आले. पुढच्या फेब्रुवारीत चौथ्या मागाच्या त्याच गिअरचे लागोपाठचे दोन दात उडाले. ज्या कारखान्याने तो माग ओतला होता तो केव्हाच बंद पडला आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चौकशी केली, तर ओतकाम करणाऱ्यांनी एका नगासाठी लाकडी साचा बनवायला नकार दिला, आणि त्यांचेही चुकले नाही. दात मोजून, भोकाचे माप घेऊन, चावीची खाच कागदावर छापून मी इचलकरंजीपर्यंत गेलो, तेव्हा एका जुन्या मागाचा गिअर दोन हजारांना मिळाला. माग अकरा दिवस उभा राहिला. त्या मागावरच्या कामगाराने घरखर्चासाठी उचल मागितली ती मी दिली, कारण चूक त्याची नव्हती, माझी होती.

म्हणून बीड, पोलाद आणि पितळ या बाबतीत मी दादांच्या बाजूने आहे. बिडाचा न झिजलेला गिअर वीस वर्षे पडून राहिला तरी गिअरच राहतो. वरचा गंज घासला की काम भागते. आमच्या भिंतीवर खिळ्यांना चेंज व्हील टांगलेली आहेत, प्रत्येकावर दातांचा आकडा ओतलेला आहे, आणि त्यातील निम्मी चाके वर्षानुवर्षे खाली उतरत नाहीत. पाहणाऱ्याला ते भंगार वाटते. पण एखादा व्यापारी टॉवेलची वीण दाट किंवा विरळ मागतो तेव्हा हे चाक बदलूनच कापड पुढे सरकण्याची गती, म्हणजेच एका इंचात बसणाऱ्या आडव्या धाग्यांची संख्या, बदलावी लागते. ती चाके कोणी विकली, तर तो कारखाना एकाच विणीचा होऊन बसेल.

रबराला मात्र हा न्याय लावता येत नाही, आणि येथे दादा ऐकत नाहीत. मागच्या खोलीत दारामागे व्ही-बेल्टची एक माळ लटकते. त्यातील बी-५२ हा पट्टा मी मागच्या महिन्यात काढला. तो एकदाही वापरलेला नव्हता, त्यावरचे छापील आकडेही पुसलेले नव्हते. उलट्या बाजूने वाकवला, तर आतल्या अंगाला नखाएवढ्या भेगा उमटल्या आणि काळा भुगा हातावर पडला. सोलापूरचा एप्रिल-मे महिना, पत्र्याचे छप्पर आणि रबर यांचे जमत नाही. न वापरलेला पट्टा नवाच असतो, हा दादांचा समज आहे. खरे तर तो खिळ्यावर लटकल्या लटकल्या म्हातारा होतो. ऑइल सीलचे तेच, जुन्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे तेच. ज्या वस्तू पडून राहिल्याने खराब होतात त्या साठवू नयेत आणि ज्या होत नाहीत त्या साठवाव्यात, एवढा साधा भेद करायला कोणी तयार नसते. एकाला सगळे ठेवायचे असते, दुसऱ्याला सगळे फेकायचे असते, आणि दोघेही एकेक वस्तू हातात घेऊन पाहण्याचे कष्ट टाळतात.

फेकायचे ठरवले तरी ते नीट फेकता येत नाही, ही आणखी एक पीडा आहे. भंगारवाला मोटर घेतो, कारण आत तांबे आहे. पण वायरींचे गुंडाळे नेल्यावर त्यावरचे प्लॅस्टिक मोकळ्या मैदानात जाळून तांबे काढले जाते, आणि तो काळा, घशाला झोंबणारा धूर आमच्याच वस्तीत येतो. सर्किटच्या पाट्या आणि जळालेल्या ट्यूबलाइट तो उचलतच नाही. ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून ती फोडून कचऱ्यात टाकायला माझा हात धजत नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू झाले आहेत, पण माझ्या गल्लीत येणाऱ्या घंटागाडीवरील माणसाला मी ट्यूबलाइट दाखवल्या, तर तो म्हणाला, "हे आमच्यात येत नाही, साहेब." परिणामी अकरा जळक्या ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या मागच्या खोलीत उभ्या आहेत, आणि त्यांच्यामुळे दादांना म्हणता येते, "बघ, तुलाही टाकवत नाही."

टाकवत नाही अशी एक वस्तू खरोखरच आहे, आणि तिची हेळसांड पाहून मला सर्वांत अधिक दुःख होते. वडिलांच्या काळी आम्ही चादरी विणत होतो. तेव्हाच्या जेकॉर्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, पुठ्ठ्याचे पत्ते दोऱ्याने एकमेकांना शिवलेल्या लांबच लांब माळांच्या रूपात छताच्या वाशाला टांगलेले आहेत. एका आडव्या धाग्याला एक पत्ता. पत्त्यावर भोक असेल तेथे सुई आत जाते, तिचा हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. म्हणजे ज्या चादरीवरचा मोर लोकांनी पाहिला, तो मोर मुळात या भोकांत आहे. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे मुकादम, होते आणि नंतर त्यांनी स्वतःचे माग टाकले. ही नक्षी त्यांनी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून घेतली होती. तो कागद आता नाही. गेल्या पावसाळ्यात मी एक माळ खाली उतरवली, तर मधले चाळीसेक पत्ते वाळवीने खाऊन जाळीदार केले होते. दादा त्या माळेला भंगारवाल्याचा हात लागू देत नाहीत, ते योग्यच आहे. पण गेल्या पंधरा वर्षांत त्यांनी ती एकदाही उतरवून झटकली नाही, ऊन दिले नाही, पत्त्यांचे फोटो काढू दिले नाहीत. मी फोटोचा विषय काढला की ते म्हणतात, "आहे ना जागेवर, कशाला हात लावतोस." जागेवर काय आहे? वाळवीने केलेली भोके आणि वडिलांनी पाडून घेतलेली भोके आता एकाच पत्त्यात आहेत, आणि मोर कोठे संपतो ते सांगता येत नाही.

दादांचे मन मला कळत नाही असे नाही. खंडेनवमीला आम्ही मागांना झेंडूच्या माळा घालतो, हळदकुंकू वाहतो, आणि दादा त्या सात जळालेल्या मोटरींनाही कुंकू लावतात. ज्या वस्तूने घर चालवले आणि जिची पूजा केली, तिला तराजूवर चढवताना त्यांचा हात थरथरतो, हे मी पाहिले आहे. म्हणून मोटरींचा विषय मी यंदा काढणार नाही. वहिनींनाही मी तेच सांगितले आहे.

कपॅसिटरचे मात्र मी सोडणार नाही. त्या पहाटेनंतर मी बाजारातून दोन नवे कपॅसिटर आणले, एक मोटरीला लावला, दुसरा खोक्यात ठेवला आणि ते चार मेलेले नग बाहेर ओट्यावर काढून ठेवले. संध्याकाळी पाहतो, तर खोक्यात पुन्हा पाच नग होते. मी तेथेच पक्कड घेऊन चारही नगांच्या वायरी बुडापासून कापल्या आणि लाल ऑइलपेंटचा पाव लिटरचा डबा आणून प्रत्येकावर फुली मारली. तो डबा आणि ब्रश आता मागच्या खोलीच्या दारातच, डोळ्यांसमोर येईल असा ठेवला आहे, आणि जॉबरला, कामगारांना आणि दादांनाही सांगितले आहे की मागावरून उतरवलेली कोणतीही वस्तू फुली मारल्याशिवाय या उंबऱ्याच्या आत जाणार नाही. दादा दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. येत्या रविवारी मी बेअरिंगची खोकी उघडणार आहे.