ब्रिज्ड करा म्हणे!

हॅकिंग शिकायच्या लॅब सेटअपचा कुठलाही व्हिडिओ उघडा, व्हर्च्युअल मशीनवर काली (हल्ल्याची टूल्स असलेलं लिनक्स) टाकलं, मेटास्प्लॉइटेबल २ (सरावाचं टार्गेट) टाकलं, आणि नेटवर्कला काय तर म्हणे ब्रिज्ड करा, म्हणजे मशीन थेट आजूबाजूच्या खऱ्या नेटवर्कला जोडा, लगेच आयपी मिळतो! अरे बाबांनो, ते मेटास्प्लॉइटेबल मुद्दाम भोकं ठेवून बनवलंय, त्यातल्या एफटीपी (फाइल पाठवायच्या) सर्व्हरमध्ये चक्क बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा आहे, युजरनेम आणि पासवर्ड एकच, आणि ते तुम्ही पोरांना सरळ हॉस्टेलच्या वायफायवर आणून बसवायला सांगताय? होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त आपल्या कॉम्प्युटरपुरतं नेटवर्क, निवडायला एक ड्रॉपडाउन लागतो, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (ही मशीन्स चालवायचं सॉफ्टवेअर) १९२.१६८.५६ वाला आयपी येतो, कालीतून पिंग होतं, झालं काम. कालीला अपडेट हवेत तर त्याला दुसरं अ‍ॅडॉप्टर नॅटचं, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरमार्फत इंटरनेट देणारं, द्या ना! सिक्युरिटी शिकवताय आणि हेच सांगत नाही, डोकं फिरतं अगदी.