‘उत्साहात साजरा’

आज संध्याकाळी मुलीच्या शाळेचे मासिक बातमीपत्र पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आले. चार पानांची पीडीएफ आहे. पहिल्या पानावर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, दुसऱ्या पानावर दीपप्रज्वलन, तिसऱ्या पानावर पुन्हा तेच दीपप्रज्वलन, फक्त या वेळी समईच्या दुसऱ्या बाजूने टिपलेले. चौथ्या पानावर ‘आमचे बालपत्रकार’ असे सदर असून त्यात माझ्या सातवीतल्या मुलीच्या नावाने एक बातमी आहे : ‘वाचन प्रेरणा दिन उत्साहात साजरा’. मी उघडून पाहीपर्यंत गटावर अभिनंदनाचे सव्वीस संदेश येऊन पडले होते. मी कौतुकाने मुलीला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला. तिने बातमी दोनदा वाचली आणि म्हणाली, “आई, हे मी लिहिलेलं नाहीये.”

तिने काय लिहिले होते ते मला ठाऊक आहे, कारण बातमी देण्याच्या आदल्या रात्री ‘कुलूप’ या शब्दातला ‘लू’ दीर्घ का, हे विचारायला ती स्वयंपाकघरात आली होती. तिची बातमी सात ओळींची होती. शाळेच्या ग्रंथालयात तीन कपाटे आहेत. जूनपासून त्यांना कुलूप आहे. १५ ऑक्टोबरला, म्हणजे डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीच्या दिवशी, ती उघडली. सातवीच्या मुलांना मैदानावर रांगेत बसवून प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक देण्यात आले आणि ‘पान उघडून खाली बघा’ असे सांगण्यात आले. छायाचित्रे काढून झाल्यावर पुस्तके मोजून परत घेण्यात आली. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या : ‘मला मधमाश्यांवरचे पुस्तक मिळाले होते. माझी चार पाने वाचून झाली होती.’

छापून आलेल्या बातमीत मान्यवरांच्या शुभहस्ते प्रतिमापूजन झाले आहे, विद्यार्थ्यांनी ‘वाचनाचा मनमुराद आनंद लुटला’ आहे, सूत्रसंचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले हेही आले आहे. कुलूप कुठेच नाही आणि मधमाश्याही नाहीत. खाली मात्र माझ्या मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी आहे.

त्यांनी तिची बातमी छापली नसती तर मला राग आला असता, पण तो समजण्यासारखा राग असता. छापायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार शाळेला आहे, असे मी नाइलाजाने का होईना मान्य केले असते. पण स्वतः लिहिलेल्या मजकुराखाली बारा वर्षांच्या मुलीचे नाव घालायचे, तिला विचारायचेही नाही, आणि वर त्याला ‘बालपत्रकार’ म्हणायचे, या प्रकाराला मी तरी खोटी सही म्हणते. धनादेशावर असे कोणी केले असते तर आपण पोलिसांत गेलो असतो.

इथे माझ्या मित्रयादीतल्या बहुतेकांनी माझी ‘दाराची गोष्ट’ कधी ना कधी ऐकलेली आहे, तरीही आज ती पुन्हा सांगते. १९९३ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातील हायस्कूलमध्ये आठवीत होते. शाळेच्या दर्शनी भिंतीवर जाळीच्या चौकटीत आमचे भित्तिपत्रक लागत असे. दोन ड्रॉइंग पेपर खळीने जोडायचे, स्केचपेनने रकाने आखायचे आणि ज्याचे अक्षर बरे असेल त्याने बातम्या उतरवायच्या. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यामुळे त्या वेळचा अंक जवळजवळ सगळा भूकंपाचा होता. वर्तमानपत्रांतील कात्रणे होती आणि कोणत्या वर्गाने किती किलो ज्वारी आणि किती कपडे गोळा केले याची यादी होती. उजव्या कोपऱ्यात सहा ओळींची जागा उरली होती. तिथे मी लिहिले की मुलींच्या मुतारीला अनेक महिन्यांपासून दार नाही.

आमच्या एका सरांनी तो कागद वाचला आणि भर वर्गात म्हणाले, “लोकांची घरं पडलीत आणि हिला दाराचं पडलंय.” वर्ग हसला, मीही हसले, कारण वाक्य खरोखरच चांगले जमले होते. मग तो कागद हेडसरांकडे गेला आणि मधल्या सुट्टीत मला बोलावणे आले. हेडसरांनी एकच प्रश्न विचारला : “अनेक म्हणजे किती?” मी म्हटले, शाळा सुरू झाल्यापासून. “मग तसं लिही. जूनपासून म्हण.” नंतर थोडे घुटमळून त्यांनी विचारले, “मुतारीच्या जागी प्रसाधनगृह केलं तर चालेल का तुला?” मी हो म्हटले. त्यांनी माझ्याच पेनाने तो शब्द बदलला आणि कोपऱ्यात सही केली.

त्यांनी बदलला तो एकच शब्द, आणि तोही आठवीतल्या मुलीला विचारून बदलला. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही शाळेत गेलो तेव्हा तिथे पत्र्याचे नवे दार होते.

आता कोणी म्हणेल की शिक्षकांवर कामाचा किती बोजा असतो हे तुम्हाला काय माहीत. माहीत आहे. माझी सख्खी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, आणि मतदार याद्या, ‘यू-डायस’ या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, अक्षांश-रेखांशासह अपलोड करायची छायाचित्रे, यांतून उरलेल्या वेळात ती शिकवते. बातमीपत्र तयार करायला बसलेल्या बाईंना रात्री अकरा वाजता सात ओळींची बातमी हातात पडली असेल आणि सकाळी पीडीएफ पाठवायची असेल, हेही मी समजू शकते. पण मग ‘उत्साहात साजरा’ हे लिहायलाही तेवढाच वेळ लागला असणार. उलट जास्तच लागला असणार, कारण मान्यवरांची नावे ज्येष्ठतेनुसार लावावी लागतात!

या ‘उत्साहात साजरा’चा मला आता मनस्वी कंटाळा आला आहे. स्नेहसंमेलन उत्साहात, वृक्षारोपण उत्साहात, शिक्षक दिन उत्साहात, तिथपर्यंत ठीक आहे. पण एकदा एका शाळेच्या फलकावर मी ‘शोकसभा उत्साहात संपन्न’ असेही वाचलेले आहे. लिहिणाऱ्याचा दोष नाही, हाताला वळणच तसे पडलेले असते. आणि ते वळण आपण कोणत्या वयात लावतो आहोत, तर बाराव्या वर्षी. रोज परिपाठात मुले प्रतिज्ञा म्हणतात, संविधानाची उद्देशिका म्हणतात, त्यातल्या ‘विचार, अभिव्यक्ती’ या शब्दांवर बाई त्यांचे उच्चार तपासतात, आणि मग एक मुलगा वर्तमानपत्रातून उतरवून आणलेल्या पाच ठळक बातम्या वाचतो. देशाची बातमी असते, विदेशाची असते, क्रिकेटची असते. ज्या इमारतीत तो उभा आहे तिची बातमी कधीच नसते.

आणि जयंत्यांचे काय सांगू? ६ जानेवारीला याच शाळेत पत्रकार दिन साजरा झाला. माझ्या मुलीने बाळशास्त्री जांभेकरांवर भाषण केले, जे मीच तिच्याकडून पाठ करून घेतले होते : १८३२ साली याच दिवशी ‘दर्पण’ निघाले, मराठीतले पहिले वृत्तपत्र, आणि ते काढणारा माणूस स्वतः विद्या शिकवणारा होता. दर्पण म्हणजे आरसा, असे ती हात वर करून म्हणाली होती आणि टाळ्या पडल्या होत्या. गावातल्या पत्रकारांना शाल-श्रीफळ मिळाले. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती झाली, सातवीच्या मुली नऊवारी नेसून गेल्या. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला, हे या मुलींना कोणी सांगितले का? एका शाळकरी मुलीने त्या निबंधात धर्माला आणि पेशवाईला प्रश्न विचारले होते. तो निबंध आजच्या एखाद्या बातमीपत्राकडे आला असता तर ‘निबंध स्पर्धा उत्साहात संपन्न’ एवढेच आपल्यापर्यंत पोहोचले असते.

साने गुरुजींचे उदाहरण तर शिक्षकांना तोंडपाठ असते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात ते मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत, रोजच्या रोज. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. त्यांच्याकडे पोर्टल नव्हते, हे खरे. पण दिवस त्यांचाही चोवीस तासांचाच होता.

मी कायद्याचे फारसे बोलणार नाही, कारण कायदा काढला की माणसे लगेच सावध होतात. तरी एवढे सांगते की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत असे स्पष्ट लिहिलेले आहे. माझ्या मुलीच्या सात ओळी एका अर्थी त्या तरतुदीच्या अंमलबजावणीचा अहवाल होत्या, आणि तोही फुकटात मिळालेला. शाळेच्या व्हरांड्यात एक तक्रारपेटीही आहे. ती असणे बंधनकारक आहे म्हणून आहे. तिला पितळी कुलूप आहे, म्हणजे कुलपांची या शाळेत काही वाण नाही.

मघाशी गटावर मी एवढेच लिहिले की ही बातमी माझ्या मुलीने लिहिलेली नाही, कृपया दुरुस्ती करावी. दोन मिनिटांत एका पालकाने हात जोडल्याची चित्रे पाठवली. दुसऱ्या एक ताई म्हणाल्या, “जाऊ द्या हो, नाव तर आलं ना पेपरात.” तिसऱ्यांनी मला खासगीत विचारले की दहावीपर्यंत मुलगी याच शाळेत ठेवायची आहे ना. त्यांचा हेतू वाईट नसावा. पण तो प्रश्न वाचल्यापासून माझा राग थोडा खाली बसला आहे आणि त्याच्या जागी दुसरेच काहीतरी आले आहे, त्यामुळे दाराची गोष्ट मी आतापर्यंत पूर्ण सांगितलेली नाही हे इथे कबूल करते.

दार बसले होते, पण त्याला आतून कडी नव्हती. वाऱ्याने ते उघडत असे. पूर्वी मैत्रीण बाहेर पाठ करून उभी राहायची, ती आता दार ओढून धरून उभी राहू लागली, एवढाच फरक पडला. मी पुढच्या अंकासाठी तीही बातमी लिहिली : दाराला कडी नाही. या वेळी हेडसर रजेवर होते आणि कागद मराठीच्या बाईंकडे गेला. बाई माझ्या लाडक्या होत्या. त्या प्रेमानेच म्हणाल्या, “एकदा लिहिलंस ना, आता पुरे. दर वेळी तेच काय?” मी वाद घातला नाही. कागदाची चौपदरी घडी करून ती कंपासपेटीत ठेवली आणि त्या अंकात स्नेहसंमेलनाची बातमी दिली. तिच्या पहिल्याच ओळीत ‘उत्साहात’ हा शब्द होता. तो मला कोणीही घालायला सांगितलेला नव्हता.

गेली तीस वर्षे मी ही गोष्ट लग्नांत, ऑफिसात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सांगत आले आहे आणि प्रत्येक वेळी ती पत्र्याच्या दारापाशी संपवत आले आहे, कारण तिथे टाळ्या मिळतात. माझी मुलगी लहानपणापासून तीच गोष्ट ऐकत मोठी झाली. बातमी लिहिली की दार बसते, असा तिचा समज मीच करून दिला होता. त्या विश्वासावर तिने कपाटांची बातमी लिहिली.

त्या बाईंचाही मला आज राग येत नाही. बातमीपत्र तयार करणाऱ्या बाईंचा संध्याकाळी आला होता तेवढा आता राहिलेला नाही, कारण त्यांनाही कोणीतरी कधीतरी ‘आता पुरे’ म्हटलेले असणार. तरीही शनिवारी मी शाळेत जाणार आहे. कपाटे उघडा, ही विनंती करीनच. पण त्याआधी मुलीचे नाव त्या बातमीखालून काढून घ्या, हे सांगेन. ते काढणे त्यांच्या हातात आहे, त्याला निधी लागत नाही आणि मान्यवरही लागत नाहीत. मुलगी सोबत येणार आहे. बोलायचे की नाही ते तिचे ती ठरवील.

रात्री जेवताना मी तिला कडीचा भाग सांगितला, पहिल्यांदाच. ती बराच वेळ काही बोलली नाही, आमटीत भात कालवत राहिली. मग तिने विचारले, “मग कडी कधी बसली?”

मी म्हटले, मला माहीत नाही. दहावी होऊन मी तिथून बाहेर पडले, तोवर तरी बसलेली नव्हती.